उन्हाळ्यासाठी कोशाचा टॉप, कोशाचा स्कर्ट

होळी झाली की आपल्याकडे ऊन तापू लागते. वैशाखात चंद्रपूरचा आणि ब्रह्मपुरीचा पारा ४५-४६ अंशांवर गेला तरी आता कुणाला त्याचे नवल वाटत नाही. आणि नेमकी तीच लग्नसराई! मोहफुले वेचून झालेली असतात, तेंदूपत्त्याचे चार पैसे हातात आलेले असतात किंवा यायचे असतात, आणि घरातल्या मुलींना नवे कपडे हवे असतात. फ्रॉकचे वय सरले, साडीचे अजून आले नाही, अशा मुलींना टॉप आणि स्कर्ट हवा असतो. तोही मऊ, चमकदार, चालताना सळसळणारा. आठवडी बाजारात असले कापड ‘सिल्क’ या नावाने ढिगाने मिळते. अंगावर ते दिसते छान. पण मांडवात दोन तास बसले की मुलगी घामाने निथळते आणि दुसऱ्या दिवशी पाठभर घामोळे उठते.

यात मुलीच्या हौसेचा दोष नाही, कापडाचा आहे. बाजारातले बहुतेक ‘सिल्क’ म्हणजे पॉलिएस्टर. खरे रेशीम हवेतली ओल आपल्या वजनाच्या सुमारे ११ टक्के धरून ठेवते, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून रेशमात घाम टिपला जातो आणि पॉलिएस्टरमध्ये तो अंगावरच राहतो. दुकानदार काहीही म्हणो, आपण कापडाच्या कडेचे दोन धागे काढून बशीत धरून जाळून पाहावे. रेशमाचा धागा केसासारखा जळतो, वासही जळक्या केसासारखाच येतो आणि मागे राहिलेली राख बोटांनी चुरली जाते. पॉलिएस्टर वितळते, आक्रसते आणि त्याचा टणक मणी बनतो. मोठ्या दुकानातून घेत असाल तर केंद्रीय रेशीम मंडळाची ‘सिल्क मार्क’ ही खूण २००४ पासून आहे, ती पट्टी पाहून घ्यावी.

आता खरे रेशीम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बंगलोर नाही तर पैठण येते. भगिनींनो, उन्हाळ्याला सर्वांत साजेसे रेशीम आपल्या दारातल्या जंगलात तयार होते! आरमोरी, सावली, सिंदेवाही या भागांत येनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पोसतात, हे तुम्हांपैकी पुष्कळजणींनी लहानपणापासून पाहिलेले असेल. तुतीच्या रेशमाचा किडा घरात, सुपात वाढतो. टसरचा मात्र उघड्या रानात. पावसाळा सुरू झाला की ढिवर समाजाची माणसे अळ्या झाडावर सोडतात, एका झाडाचा पाला संपला की दुसऱ्यावर हलवतात आणि पाखरे, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यापासून दिवसभर राखण करतात. पावसात भिजत केलेली ही राखण आहे. पुढे फांदीला देठाने लोंबकळणारा टणक कोसा तयार होतो. तो उकळून मऊ करतात आणि धागा काढतात. पूर्वी बायका हा धागा मांडीवर वळून काढीत. आता यंत्रेही आली आहेत. ज्या कोशातून पाखरू बाहेर पडलेले असते त्याचा सलग धागा निघत नाही, तो कातून जाडाभरडा धागा करतात. त्यालाच घिचा म्हणतात.

१९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, पण येन आणि कोसा दोन्हीकडे तोच राहिला. याच धाग्याची करवतकाठी साडी विदर्भात विणली जाते. अंग टसरचे आणि काठ सुताचे, करवतीच्या दात्यांसारखे. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. खेदाची गोष्ट एवढीच की कोसा आपल्या रानात होतो, पण त्याचे कापड आपल्या गावात क्वचितच कुणाच्या अंगावर दिसते. महाग आहे हे खरे. पण पुष्कळ घरांत सासूबाईंची किंवा आजीची एखादी कोशाची साडी पेटीच्या तळाशी पडून असते, घडीवर विरत असते, आणि तिला हात लावायचा धीर कुणाला होत नाही. बरे, धीर केला आणि शिवणाऱ्या बाईकडे नेली, तर ती म्हणते, “नागपूरला द्या, माझ्याकडून बिघडेल.”

ते बिघडू नये म्हणून काय करावे, ते आता पाहू. येथे जे सांगितले आहे ते टसरला धरून आहे. जॉर्जेट, क्रेप, शिफॉन असे निसरडे कापड असेल तर काय वेगळे करावे ते त्या त्या ठिकाणी येईल.

जुनी साडी असेल तर आधी तिचा जोर पाहावा. उजेडासमोर धरून विरलेल्या जागा, घडीवरच्या चिरा शोधाव्यात. मग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून आडव्या दिशेने हळूच ताण द्यावा. ‘चर्र’ असा आवाज आला तर त्या भागाचा टॉप शिवू नये. बगलेत आणि पाठीवर तो पहिल्याच दिवशी फाटेल. असा भाग अस्तर लावून स्कर्टच्या खालच्या घेरात चालतो. पदर आणि निऱ्यांच्या आतला भाग बहुधा चांगला राहिलेला असतो. साडी सगळीकडेच विरली असेल तर मोह सोडावा, गोधडीच्या वरच्या पदराला ती शोभून दिसेल.

कापड नवे असो की जुने, कापण्यापूर्वी भिजवलेच पाहिजे. रंग जातो की काय ते कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावे. मग गार पाण्यात अर्धा तास ठेवावे, पिळू नये, सावलीत वाळत घालावे. इस्त्रीच्या बाबतीत टसरचा स्वभाव इतर रेशमापेक्षा निराळा आहे. इतर रेशीम किंचित ओलसर असताना उलट्या बाजूने इस्त्री करतात. टसर मात्र पूर्ण वाळल्यावरच करावी. त्यावर पाणी शिंपडले तर थेंबांचे डाग तसेच राहतात आणि मग सगळे कापड पुन्हा भिजवल्याशिवाय जात नाहीत.

निसरड्या कापडाला भाताच्या पेजेसारखा दुसरा उपाय नाही, आणि आपल्या धानाच्या मुलखात पेजेला काय तोटा! पातळ पेज गाळून घ्यावी, तीत दुप्पट पाणी घालावे, त्यात जॉर्जेट किंवा शिफॉन बुडवून सावलीत ताणून वाळवावे. कापड कागदासारखे ताठ होते, कातरीखाली सरकत नाही. शिवून झाल्यावर धुतले की पेज निघून जाते. ती काढायला मात्र विसरू नये, कारण खळ राहिलेल्या कपड्यावर झुरळे आणि कसर तुटून पडतात. टसरला ही पेज लागत नाही. ते मुळातच थोडे ताठ असते.

कापताना जमिनीवर आधी जुनी सुती चादर किंवा धोतर पसरावे आणि त्यावर रेशीम. सुतावर रेशीम धरून राहते. टसरमधला एक आडवा धागा ओढून काढला की सरळ रेघ आपोआप मिळते, तिच्यावर कातर चालवावी. निसरडे कापड दुहेरी घडी घालून कापू नये. आधी कागदावर पूर्ण आकार काढावा, तो एकेरी कापडावर ठेवावा. टाचण्या बारीक असाव्यात आणि त्या मायेतच टोचाव्यात, अंगात नव्हे. टाचण्या नसतील तर वाट्या उपड्या ठेवाव्यात. वजन पडले म्हणजे झाले. खुणा साध्या खडूने कराव्यात, पेन्सिलीने नको. कातर धारेची हवी. घरातली भाजीची, कागदाची, पोत्याचे तोंड कापायची अशी एकच कातर असेल तर ती या कामाला घेऊ नये.

३२ इंच छाती, २६ इंच कंबर आणि ३४ इंच नितंब अशा मुलीसाठी हिशेब असा बसतो. कापडाचा पन्हा ४४ इंच धरला आहे. टॉपसाठी ४८ इंच आणि स्कर्टसाठी ६० इंच, एकूण १०८ इंच म्हणजे पावणेतीन मीटर. हाताशी असावे म्हणून तीन मीटर घ्यावे.

टॉपला मुंढा कापून बाही जोडण्याच्या भानगडीत पडू नये. नाजूक कापडावर मुंढ्याची गोल शिवण हीच सर्वांत आधी उसवते. बाही अंगाबरोबरच कापावी. पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी २४ इंच उंचीचा. छातीशी रुंदी २० इंच. यात सैलपणा आणि माया मिळून एकूण ८ इंच आले. त्याच्या दोन्ही बाजूंस बाहीचे ४-४ इंच, म्हणजे वर रुंदी २८ इंच झाली. मुंढ्याची खोली ९ इंच. खांद्याला बाहीच्या टोकापर्यंत पाऊण इंच उतार द्यावा. गळ्याची रुंदी ६ इंच, पुढे खोली ४ इंच, मागे दीड इंच. डोके जावे म्हणून मागे ४ इंच चीर ठेवून तिला गळ्याशी कापडाचाच फास आणि एक लहान बटण लावावे. हौसेने कुणी अंगाबरोबर घट्ट बसवायला सांगेल, ते ऐकू नये. टसरची वीण ताणली गेली की धागे शिवणीपासून सरकतात आणि तिथे फटी दिसू लागतात. घट्ट शिवलेल्या रेशमी टॉपचे आयुष्य एका लग्नाएवढे असते. बगलेत ३ इंचांचा चौकोनी तुकडा तिरका बसवला तर हात वर केल्यावरही ताण येत नाही. जुन्या अंगरख्यांना असा तुकडा असे, ते उगाच नव्हे.

पन्ह्यातून टॉपच्या बाजूला १६ इंच रुंदीची पट्टी उरते. ती टाकू नये. त्यातूनच बगलेचे तुकडे आणि गळ्याला व बाहीला लागणारी उरेब पट्टी निघते.

स्कर्टला सहा कळ्या घ्याव्यात. टसर थोडे ताठ असल्याने नुसत्या चुण्या घातल्या तर कमरेशी फुगा येतो आणि मुलगी जाड दिसते. कळ्यांनी घेर खाली पडतो, वर नाही. प्रत्येक कळी वर सव्वासात इंच, खाली सव्वातेरा इंच, उंची ३० इंच. ४४ इंच पन्ह्यात एका उंचीत तीन कळ्या बसतात, म्हणजे दोन उंचीत सहा. कापड वाचवण्यासाठी एक कळी सुलटी आणि एक उलटी ठेवायची सवय पुष्कळजणींना असते. ती इथे नको. चमकदार कापड खालून वर आणि वरून खाली पाहिले तर दोन छटांचे दिसते, आणि शिवल्यावर स्कर्ट पट्ट्यापट्ट्यांचा वाटतो. सर्व कळ्यांचे तोंड एकाच दिशेला असावे.

आता यंत्र. सुई नवीन घालावी, ११ नंबरची. शिफॉनला ९ नंबरची. गणवेश शिवून बोथट झालेली १६ नंबरची सुई रेशमाचे धागे ओढते आणि टिपेच्या दोन्ही बाजूंस सुरकुत्या पडतात. मग दोष कापडाला दिला जातो. दोरा बारीक घ्यावा. टाका लहान, इंचात १२ ते १४. वरचा ताण जरा सैल करावा. यंत्राला तेल दिले असेल तर आधी चिंधीवर बरीच टीप मारून ते निथळू द्यावे, कारण टसरवर पडलेला तेलाचा थेंब सहसा जात नाही. सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोके मागे धरून ठेवावीत, नाहीतर कापड दात्यांच्या फटीत ओढले जाते. पहिले चार टाके चाक हाताने फिरवून घालावेत. पुढे कापड पुढून आणि मागून हलके ताठ धरावे, ओढू नये. शिफॉन तरीही आत जात असेल तर खाली पातळ कागदाची पट्टी धरून टीप मारावी आणि मागाहून कागद फाडून काढावा. पट्टी वर्तमानपत्राची नको, शाई उतरते. मुलांच्या वहीचे कोरे पान चालते. वीज जाण्याच्या भरवशावर राहायचे नसेल तर पायाचे यंत्र या कामाला उत्तम. त्याचा वेग आपल्या ताब्यात असतो.

टसर फार उसवते. म्हणून माया पाच सूत ठेवून दुहेरी शिवण घालावी. कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून कडेपासून तीन सुतांवर पहिली टीप मारावी. माया एक सूत ठेवून कातरावी. मग कापड पालटून, कड आत कोंडून, दोन सुतांवर दुसरी टीप. आतून एक धागा बाहेर दिसत नाही. बगलेच्या चौकोनाला ही शिवण जमत नाही. तिथे साधी टीप मारून कडा हाताने गुंफाव्यात.

नेफा रेशमाचा करू नये. नाडीच्या घासण्याने तो चार महिन्यांत फाटतो. जुळत्या रंगाच्या सुती कापडाची पट्टी लावावी, वरून कुणाला दिसत नाही. अस्तर मलमलीचे, स्कर्टपेक्षा एक इंच आखूड. अस्तर पॉलिएस्टरचे लावले तर वरचे सगळे रेशीम फुकट गेले असे समजावे.

खालचा काठ लगेच दुमडू नये. स्कर्ट नेफ्याने दोरीवर एक रात्र टांगून ठेवावा. तिरक्या कापाचे कापड लोंबते, कुठे पाव इंच, कुठे अर्धा इंच. दुसऱ्या दिवशी मुलीला घालायला सांगून जमिनीपासून पट्टीने मापून सगळीकडे सारख्या खुणा कराव्यात आणि मग काठ हाताने शिवावा. शिफॉनच्या काठाला ओल्या बोटांनी बारीक वळकटी घालत हातशिलाई करावी. वेळ लागतो, पण यंत्राची टीप तिथे दोरीसारखी दिसते.

आता शिवून देणाऱ्या भगिनींविषयी थोडे. गावोगावी आज शिवणयंत्रे आहेत. कुणाला बचत गटातून मिळाले, कुणाला योजनेतून, कुणी माहेरून आणले. त्यांवर परकर, ब्लाउज आणि गणवेश निघतात, आणि जास्त मजुरीचे काम मात्र शहरात जाते. कारण एकच, बिघडले तर भरपाई कोण देणार ही भीती. ती अगदीच खोटी नाही. कोशाचे कापड बिघडले तर शिवणारीची महिन्याची कमाई त्यात जाऊ शकते. पण काही गोष्टी आधीच बोलून घेतल्या तर भीती निम्मी होते. कापड घेताना पाव मीटर जास्त मागावे आणि त्यावर टीप मारून गिऱ्हाइकाला दाखवावी. जुन्या साडीच्या विरलेल्या जागा गिऱ्हाइकासमोरच दाखवून वहीत लिहून ठेवाव्यात. मजुरी कपड्यावर न ठरवता दिवसावर ठरवावी. सुती टॉप अर्ध्या दिवसात होतो, रेशमाच्या जोडीला दोन दिवस सहज लागतात; मजुरी सुती टॉपचीच घेतली तर हात घाई करणारच, आणि रेशीम घाईनेच बिघडते. पहिली जोडी स्वतःच्या मुलीची किंवा भाचीची शिवावी. मांडवात ती चारजणींनी पाहिली की कामे विचारत येतात. लग्नसराईची कामे फाल्गुनातच घ्यावीत, कारण तेंदूपत्त्याच्या दिवसांत पहाटे जंगलात जाऊन दुपारी यंत्रावर बसणे शरीराला झेपत नाही. शिवाय घामेजलेल्या हातांचे डाग टसरवर पडतात. शेजारी ओले-कोरडे फडके ठेवावेच.

कपडा घालून झाल्यावर घामाचा तसाच घडी करून ठेवू नये. घामातले क्षार रेशीम खातात. बगलेत सुती तुकडा दोन टाक्यांनी अडकवला तर तो काढून धुता येतो. कपडा धुवायचा तो रिठ्याच्या कोमट पाण्यात, हलक्या हाताने, आणि वाळवायचा सावलीत, उलटा करून. वाळल्यावर सुती फडक्यात गुंडाळून, सुकलेला कडुलिंबाचा पाला घालून पेटीत ठेवावा; प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्याची ओल कोंडते आणि बुरशीचे ठिपके पडतात. श्रावणात एखाद्या दिवशी चांगली उघडीप मिळाली की बाहेर काढून वारा द्यावा आणि परत ठेवताना घडी बदलून घालावी, आधीची घडी होती त्याच रेघेवर नको.